काल रात्री बर्फ पडला नाही

सकाळचे पावणेसात.
पट्टीवर कालचाच आकडा, एकशे बारा.
आभाळ संशय यावा इतकं निळं.
वहीत लिहिते: नवा बर्फ, शून्य.

मग मान वर करते
तर पिझ मुंतानेलाचा कडा धुमसतोय.
धूर नाही तो. पलीकडच्या उताराचा बर्फ आहे,
उठून, कडा ओलांडून
एंगाडिनच्या आमच्या कोपऱ्यात उतरतोय.
रात्रभर हेच चाललंय,
एका खिशातून काढायचं, दुसऱ्यात कोंबायचं,
आणि माझी पट्टी दोन्ही खिशांच्या बाहेर
मठ्ठपणे उभी.

खाली बर्फगाडीचं इंजिन चालू ठेवून
दुरी ओरडतो, "पडला नाही ना काही?
उघडू का फाटक? शाळेची बस यायचीय."

थांब, म्हणते. वारा होता.

"वारा!" तो म्हणतो,
जणू मी त्याला भुताचं नाव सांगितलं.

*

बाबांच्या जुन्या, तेलकट वहीत
वाऱ्याच्या रकान्यात बारा वर्षं एकच शब्द: आहे.
कधी: नाही.
नवा बर्फ मात्र मिलिमीटरपर्यंत.
मग एक फेब्रुवारी. नवा बर्फ, शून्य.
त्या दिवशी त्यांनी फाटक उघडू दिलं
आणि पाइडर नि त्याचा धाकटा भाऊ
लाकडं आणायला वर गेले.

पुढची चार पानं कोरी.

पाचव्या पानापासून रकाना फुटून समासात आलाय.
वायव्येकडून. तिन्हीसांजेला सुरू.
माडीच्या खिडकीची कडी पहाटेपर्यंत वाजत होती.
कुत्रा दारात बसेना.
पलीकडचं कुरण उघडं पडलं, गवत दिसतं.
म्हणजे ते सगळं कुठे गेलं?

प्रश्नचिन्हावर पेन दाबून धरलेलं,
कागदाला भोक.

*

आठ वाजता चर्चमागच्या लहान उतारावर,
तोंड तिकडेच, पण उंची माझ्याएवढी,
मी फावड्याने भिंत कापते.
वरचा थर हाताला लागतो तो पाटासारखा.
वाऱ्याचं दळण ते.
येताना एकेका कणाचे सहाही हात मोडले,
पीठ केलं, आणि आडोशाला आणून थापलं,
इतकं घट्ट की माणूस वर उभा राहील,
राहतोच,
आणि त्याला वाटेल जमीन आहे.
खाली डिसेंबरचा जुना बर्फ,
जाडी साखर. मुठीत धरली
तर बोटांतून गळून जाते, चिकटत नाही,
कोणालाच नाही.

फावड्याचं पातं वर ठेवून टिचक्या मारते.
आधी बोटांनी, मग कोपरातून.
अकराव्या टिचकीला
पाट सरकतो. सबंध.
कपाटाचा खण उघडावा तसा,
अंगावर येतो.

*

दुरी दिवसभर बोलला नाही.
पोरांनी फाटकाच्या अलीकडे सुट्टी साजरी केली,
माझी सेराइनाही त्यांत.
हॉटेलवाल्या बाईंचे दोन फोन,
पाहुणे खोळंबलेत, ऊन पडलंय, आणि तुम्ही.

उतार आला नाही.
दुपारी नाही, संध्याकाळी नाही.
कड्याच्या टोकाला बर्फाचा छज्जा
आणखी हातभर पुढे सरकला, खांबाशिवाय.
दुकानात कोणीतरी म्हणालं, मला ऐकू जाईल असं,
हल्ली वाऱ्यावरच चाललाय गावाचा कारभार.

चाललाय खरा.

रात्री वही उघडते.
नवा बर्फ, शून्य.
वारा: वायव्य. नऊच्या सुमारास कडी थांबली.
खिडकीतून दिसतं, दुरीने बर्फगाडी
फाटकाला आडवी लावून ठेवलीय,
दिवे बंद. किल्ली घरी नेली असणार.

उतार, लिहिते मी: अजून वरच.